निवड समितीला न दिसलेली मुलं

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलांच्या अंगात उपजतच खेळ आहे, हे वाक्य मी आजवर इतक्या उद्घाटनांत ऐकलं आहे की पाहुण्यांनी माइक हातात घेतला की तेच येणार हे ओळखता येतं. नारळ फुटतो, फुगे सुटतात, मुलं अनवाणी धावतात, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि जेवण उरकून अंधार पडायच्या आत चंद्रपूरच्या रस्त्याला लागतात. वाक्य खोटं नाही. अहेरी तालुक्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून माझं सगळं कामकाजाचं आयुष्य गेलं, आणि ते खरं आहे असं मीही म्हणेन. मात्र ते खरं असेल तर त्याच्या मागोमाग एक प्रश्न यायला हवा. मग ही मुलं जातात कुठं? राज्याच्या संघांत, राष्ट्रीय शिबिरांच्या याद्यांत गडचिरोलीचं नाव शोधावं का लागतं?

ठरलेली उत्तरं आहेत. गरिबी आहे, रस्ते नाहीत, मैदानं नाहीत, नक्षलवाद्यांमुळे कित्येक वर्षं बाहेरचं कुणी यायला धजत नव्हतं. प्रत्येक उत्तरात तथ्य आहे. तरी मला ती पुरी वाटत नाहीत, कारण हीच अडचण असलेल्या दुसऱ्या जंगलांतून खेळाडू आलेले आहेत. ओडिशातला सुंदरगड जिल्हा घ्या. जंगल तसंच, खाणी तशाच, आदिवासी वस्ती तशीच मोठी. तिथल्या सौनामारा या एका गावातून भारताचा हॉकी कर्णधार दिलीप तिर्की आला आणि नंतर टोकियोत कांस्यपदक मिळवणारा अमित रोहिदासही त्याच गावचा. किंवा आपल्याच राज्यात बघा. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल भागातलं सावरपाडा काही सुखवस्तू गाव नव्हे. तिथल्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. म्हणजे गरिबी आणि जंगल यांनी दार अवघड होतं, बंद होत नाही. ते बंद करणारी गोष्ट दुसरी आहे.

ती मला नीट दिसली ती एका भलत्याच ठिकाणी, बर्फावरच्या हॉकीत. आमच्याकडे बर्फ मिळतो तो आलापल्लीच्या रसवंतीत; त्यामुळे हा खेळ मी फक्त वाचला आणि टीव्हीवर पाहिला आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या या खेळाच्या व्यावसायिक लीगला एनएचएल म्हणतात. तिथं दर उन्हाळ्यात जगभरातल्या अठराच्या आसपासच्या मुलांची निवड होते. बत्तीस संघ पाळीपाळीनं एकेक मुलगा उचलतात, असे सात फेरे. जो सर्वांत चांगला तो आधी उचलला जाणार, असा हिशेब. आता रशियन मुलांचे आकडे पाहा. सेर्गेई फ्योदोरोव १९८९ मध्ये ७४ वा, त्याच वर्षी पावेल बुरे ११३ वा. निकिता कुचेरोव २०११ मध्ये ५८ वा. गोलरक्षक इगोर शेस्त्योर्किन २०१४ मध्ये ११८ वा. किरिल काप्रिझोव २०१५ मध्ये १३५ वा. आणि पावेल दात्सुक १९९८ मध्ये १७१ वा. त्याआधीच्या दोन वर्षी तर त्याला कुणी घेतलंच नव्हतं. पुढं यांतले बहुतेक आपापल्या पिढीतल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणले गेले.

पारखी इतके चुकतात कसे? (तिकडे त्यांना स्काउट म्हणतात. आपल्याकडे स्काउट म्हटलं की खाकी हाफपँट आणि गळ्यातला स्कार्फ डोळ्यांपुढं येतो, म्हणून मी पारखी म्हणतो.) त्यांना खेळ कळत नाही असं नव्हे. कॅनडातला मुलगा त्यांनी वर्षात वीस वेळा पाहिलेला असतो, उरलच्या पायथ्याचा मुलगा एकदा, किंवा फक्त चित्रफितीत. त्यातून तो इकडे येईल का, ही शंका. रशियात २००८ पासून केएचएल ही स्वतःची मोठी लीग आहे, तिचे करार मोडता येत नाहीत, दोन लीगांमध्ये खेळाडू सोडण्याचा समझोता नाही. मातव्हेई मिचकोव हा अफाट मुलगा २०२३ मध्ये सातव्या क्रमांकापर्यंत घसरला, त्याचं मोठं कारण त्याचा २०२६ पर्यंतचा करार. २०२२ च्या युद्धानंतर तर पारख्यांचं रशियात जाणंच जवळपास थांबलं. शिवाय भाषा. मुलाखतीत इंग्रजी न येणारा मुलगा गप्प बसतो आणि कुणी तरी वहीत 'स्वभाव समजत नाही' असं लिहितं.

थोडक्यात, निवडणाऱ्याला जे नीट माहीत नाही त्याची किंमत तो मुलाच्या नावावर टाकतो. 'मला दिसलं नाही' याचा अर्थ हळूहळू 'त्याच्यात नाही' असा होतो. हे वाचताना मला नागपूरच्या विभागीय स्पर्धेतली कितीतरी दुपारं आठवली.

आमच्याकडची साखळी अशी आहे. शालेय स्पर्धा तालुक्याला सुरू होतात, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि शेवटी राष्ट्रीय. नागपूर विभागात सहा जिल्हे: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. कागदावर सर्वांना सारखीच शिडी. पण या शिडीचा हंगाम कोणता? तालुका स्पर्धा पावसाळ्यात लागतात, जिल्ह्याच्या ऑगस्ट-सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाला यात काही खटकणार नाही. फार तर मैदान ओलं असतं. भामरागडला त्याच महिन्यांत पर्लकोटेला पूर येतो, पुलावरून पाणी जातं आणि पलीकडची गावंच्या गावं तुटतात. पामुलगौतमी आणि इंद्रावती तिथंच मिळतात, त्यामुळे पाणी उतरायला वेळ लागतो. सिरोंचापासून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून जास्त आहे, आणि आलापल्ली ते सिरोंचा रस्त्याची पावसाळ्यातली अवस्था ज्यानं एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून अनुभवली आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. स्पर्धेचं वेळापत्रक बनवणाऱ्यानं कुणाला मुद्दाम वगळलं नाही. त्यानं फक्त नकाशा पाहिला नाही.

आतल्या एका गावची मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. सातवीत होती. ८०० मीटरला तालुक्यात ती अनवाणी धावली आणि दुसरी आलेली मुलगी शेवटच्या वळणावर होती तेव्हा हिची धाव संपली होती. त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती घरून निघू शकली नाही, नाल्याला पाणी होतं. पुढच्या वर्षी आली. पहाटे तीनला निघून, अर्धा रस्ता मोटारसायकलवर आणि अर्धा ट्रकमध्ये, सकाळी अकराला मैदानावर. तापातून उठून आठ दिवस झाले होते. पाचवी आली. निवड समितीतल्या एका भल्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, मुलगी बरी आहे, पण दम नाही." ज्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. त्यानंतर ती स्पर्धेला आली नाही. नववीत शाळा सुटली. मे महिन्यात तेंदूपानाच्या फळीवर पुडके मोजताना मला भेटली तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं.

त्या तापाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण तो एकटीचा नव्हता. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा कायम सर्वांत मोठ्यांपैकी राहिला आहे, आणि हिवतापाचा हंगामही पावसाळा आणि त्यानंतरचाच. सिकलसेलची वाहकता या पट्ट्यात बरीच आहे, रक्तातलं लोह कमी असणं तर घरोघरी. ८०० मीटर धावणं म्हणजे रक्तानं प्राणवायू वाहून नेण्याची परीक्षा. ती आम्ही वर्षातल्या नेमक्या त्या महिन्यांत घेतो जेव्हा या मुलांचं रक्त सर्वांत पातळ असतं. डिसेंबर-जानेवारीत, नवं धान घरात आल्यावर, याच मुलांना धाववून पाहा. मी पाहिलं आहे. तीच मुलं ओळखू येत नाहीत.

एकदा पाहून निवडायचं म्हटलं की माणूस मोजता येणाऱ्या गोष्टींना धरतो, आणि सर्वांत सोपी मोजता येणारी गोष्ट म्हणजे उंची. आपल्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत उंची, वजन, ३० मीटर धाव, ८०० मीटर धाव, शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक अशा कसोट्या असतात. चांगल्या हेतूनं बनवलेल्या आहेत आणि जागच्या जागी गुण मिळतात, त्यामुळे वशिल्याला वाव कमी. पण दहा वर्षांच्या मुलाची उंची म्हणजे बऱ्याच अंशी त्याच्या आईच्या गरोदरपणातलं जेवण आणि त्याची स्वतःची पहिली दोन वर्षं. ती मोजून आपण त्याचा खेळ मोजत नाही. दात्सुकसुद्धा अंगानं लहान होता म्हणूनच पहिल्या दोन वर्षांत सुटला होता.

वयाचा घोळ तर निराळाच. रॉजर बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या हॉकीबद्दल एक शोधनिबंध लिहिला. तिथं वयोगटाची तारीख १ जानेवारी, आणि वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची संख्या ठळकपणे जास्त. कारण साधं आहे: दहा वर्षांच्या गटात जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, तो उंच दिसतो, निवडला जातो, चांगला प्रशिक्षक मिळतो आणि मग खरोखरच चांगला होतो. आपल्या शालेय स्पर्धांतही गट १ जानेवारीपासूनच मोजतात. आता आमच्या भागातल्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात बघा: मुलं एकामागून एक १ जूनला जन्मलेली. बाळंतपण घरी, नोंद नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी मुलाच्या दातांकडे बघून साल ठरवलं आणि १ जून टाकलं. हा अंदाज वर्षानं पुढं गेला तर बारा वर्षांचा मुलगा तेराच्या मुलांशी झुंजतो; मागं गेला तर पिळदार पोटऱ्या पाहून समोरच्या शाळेचे सर हरकत घेतात आणि मुलगा जन्मदाखल्यासाठी अडतो. आता दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, हा घोळ कमी होतोय. पण जी पिढी माझ्या हाताखालून गेली तिचं वय सरकारी अंदाजानं ठरलं होतं.

या सगळ्याहून अवघड मुद्दा निराळा आहे, आणि तो आमच्याच लोकांना बोलायला आवडत नाही. 'ही मुलं टिकत नाहीत.' निवड झाली, पुण्याला किंवा नागपूरला वसतिगृहात पाठवलं, दोन महिन्यांत पळून घरी आली. हे घडतं. मी स्वतः अशी मुलं बल्लारशा स्टेशनवरून परत आणली आहेत. त्यामुळे पुढच्या खेपेला निवड समितीसमोर भामरागडचा मुलगा उभा राहिला की त्याच्याआधी पळालेला मुलगा तिथं उभा असतो. रशियन मुलाबद्दल जी शंका, तीच: येईल का, राहील का? आणि तिकडे ती शंका सातव्या-आठव्या फळीवर नेऊन ठेवते, तर इकडे यादीतून थेट बाहेर.

मुलं का पळतात, हे विचारायला मात्र कुणी जात नाही. मी विचारलं आहे. उत्तरं फार गुंतागुंतीची नसतात. जेवणात रोज पोळी, भात शेवटी घासभर. माडियातून बोलायला कुणी नाही. खोलीतली मुलं नावावरून चिडवतात. घरी पंडुम आहे आणि आपण इथं. बारा वर्षांचा मुलगा एकटा पडला की तो पळणारच. शहरातला मुलगाही पळेल, फक्त त्याला एवढ्या लांब पाठवत नाहीत. 'एकटा' हा शब्द इथं महत्त्वाचा.

कारण ज्या प्रयोगांत मुलं टिकली, त्यांत ती एकटी नव्हती. राजस्थानातल्या आदिवासी भागात १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या लोकांनी मकरादेव या ठिकाणी जाऊन तिरंदाजीची चाचणी घेतली. बांबूच्या धनुष्यानं शिकार करणारी मुलं समोर होती. त्यांतून चार जणांना निवडून विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली दिल्लीला आर. एस. सोढी यांच्याकडे नेलं. चौघांतला एक लिंबाराम. १९९२ मध्ये त्यानं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि तीन ऑलिंपिक खेळला. दुसरा श्यामलाल मीणा. त्याला १९८९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. चारांत दोन! हे प्रमाण पाहून कुणी म्हणेल, त्या चार मुलांतच काही विशेष होतं. मला वाटतं विशेष दोन गोष्टींत होतं. पारखी मुलांकडे गेले, मुलं पारख्यांकडे आली नाहीत. आणि नेताना चौघांना मिळून नेलं.

(आदिवासी आणि धनुष्य म्हटलं की एकलव्याचं नाव यायलाच हवं असा आपल्याकडे रिवाज आहे. पण ते उदाहरण इथं लागू पडत नाही. द्रोणानं एकलव्याला पाहिलं होतं, त्याची योग्यता पुरती ओळखली होती, म्हणून तर अंगठा गेला. आमच्या मुलांचे अंगठे शाबूत आहेत.)

आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१८ मध्ये असंच घडलं. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासनानं 'मिशन शौर्य' नावाखाली देवाडा, बोर्डा, जिवती इथल्या आश्रमशाळांतली मुलं निवडली, त्यांना हैदराबादकडे, दार्जिलिंगला, लडाखला नेऊन तयार केलं. दहा जणांची तुकडी एव्हरेस्टवर गेली आणि त्या मे महिन्यात मनीषा धुर्वेसह पाच जण शिखरावर पोचले. यांतल्या कुणी त्याआधी बर्फ पाहिला नव्हता. कल्पना आली होती प्राणहितेच्या पलीकडून: २०१४ मध्ये तिथल्या समाजकल्याण निवासी शाळेची मालावत पूर्णा तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली, तीही आनंदकुमार या दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर. देवाडा ते अहेरी अंतर फार नाही. मुलं एकाच मातीची, घरात एकच भाषा. एका बाजूच्या मुलांना दहा महिने कुणी रोज पाहिलं, दुसऱ्या बाजूच्या मुलांना वर्षात एक दुपार.

दहा महिने हा मुद्दा मी जाणून सांगतो आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतचं नशीब असं की नाशिकला विजेंद्रसिंग यांच्यासारखा प्रशिक्षक बसलेला होता, आणि तो एकीवर थांबला नाही. मोनिका आथरे, संजीवनी जाधव याही त्याच्याच तालमीतल्या. एका जिल्ह्यातून लांब पल्ल्याच्या इतक्या धावपटू निघाव्यात, हा काही तिथल्या पाण्याचा गुण नव्हे. पाहणारा एक माणूस त्या जिल्ह्यात मुक्कामाला होता. सुंदरगडचंही तेच: गावोगाव बोकडाच्या बक्षिसावर हॉकीचे सामने चालतात, आणि १९८५ पासून पानपोषला क्रीडा वसतिगृह आहे. गावातला सामना आणि सरकारी वसतिगृह यांत मध्ये पाच पायऱ्या नाहीत, एकच आहे, आणि ती घराजवळ आहे.

पायऱ्या कमी झाल्या की काय होतं, हे आम्ही आमच्याकडेही पाहिलं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधी अहेरीच्या मुलाला चंद्रपूर, बल्लारपूर, वरोऱ्याच्या शाळांना मागं टाकल्याशिवाय विभाग दिसत नव्हता. नंतर गडचिरोलीचा स्वतंत्र संघ जाऊ लागला. तसंच महाविद्यालयांचं. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना आंतरविद्यापीठ स्पर्धेत स्वतःचा संघ मिळाला. त्याआधी नागपूर विद्यापीठाच्या संघात शिरायचं म्हणजे सारा पूर्व विदर्भ ओलांडायचा. मुलं तीच. फक्त ती दिसण्याच्या जागा वाढल्या.

उलट, काही ठिकाणी पायऱ्या असूनही त्या कुठं पोचत नाहीत. आश्रमशाळांच्या स्वतःच्या क्रीडास्पर्धा असतात. अहेरी, भामरागड, गडचिरोली हे तिन्ही प्रकल्प त्यांत उतरतात, मग अपर आयुक्तांच्या पातळीवर, मग राज्यस्तर. उत्साह दांडगा असतो आणि आमच्या मुलांच्या आयुष्यातले ते सर्वांत आनंदाचे दिवस असतात, यात शंका नाही. पण राज्याच्या शालेय संघाची निवड दुसऱ्याच साखळीतून होते. आदिवासी विभागाच्या मैदानावर पहिला आलेला मुलगा क्रीडा विभागाच्या पारख्याला दिसत नाही, कारण तो पारखी त्या मैदानावर नसतो. दोन खात्यांच्या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवून पाहायला एक टेबल पुरेल.

पाहणारा एक माणूस किती फरक करतो, याचा विदर्भातला सर्वांना ठाऊक दाखला उमेश यादवचा. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. सैन्यात, पोलिसात जायचा प्रयत्न फसला. विशीला टेकेपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे यानं त्याचा वेग पाहिला आणि त्याला धरून ठेवलं. २००८ मध्ये तो रणजी खेळला, २०११ मध्ये कसोटी. विदर्भाकडून कसोटीपर्यंत पोचलेला पहिलाच. वलनी नागपूरपासून तासाभरावर आहे. तिथून इतकं अवघड होतं.

दात्सुकच्या निवडीची गोष्टही अशीच. डेट्रॉइट संघाचा पारखी हॉकन अँडरसन मॉस्कोला दुसऱ्याच मुलाला पाहायला गेला होता. विरुद्ध संघातल्या या बुटक्या पोरानं त्याचं लक्ष वेधलं. पुन्हा पाहायला निघाला तर हिमवादळानं विमान रद्द. त्या विमानात दुसऱ्या एका संघाचाही पारखी होता. तोही परत गेला, आणि त्यानं दात्सुकला कधीच पाहिलं नाही. अँडरसननंच हे सांगितलं आहे. १७१ वा क्रमांक म्हणजे त्या मुलाचं मोल नव्हतं; त्याला किती जणांनी पाहिलं त्याची ती मोजदाद होती.

आमच्या जिल्ह्यात एकच निवड अशी आहे जी मुलांकडे येते, आणि म्हणून तिच्यात मुलं दिसतात: पोलीस भरती. ती जिल्ह्यात होते, जिल्ह्याच्या मुलांसाठी होते, उंचीची अट इथं शिथिल होते, गोंडी-माडिया येत असेल तर ते ओझं न ठरता कामाला येतं. मैदानी चाचणीचे गुण ५०: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. शिफारस लागत नाही, स्टॉपवॉच लागतं. त्यामुळे आलापल्ली-अहेरी रस्त्यावर पहाटे पाचला तुम्ही आलात तर सागाच्या झाडांखालून धावणारी मुलं-मुली दिसतील, एकाच्या हातात मोबाइल वेळ लावलेला. खेळाच्या मैदानावरून जी मुलं मला दिसेनाशी झाली, त्यांतली कितीतरी मला या रस्त्यावर पुन्हा भेटली. घराला पगार मिळाला, याचं मोल मी कमी करणार नाही. पदकापेक्षा ते घरच्यांना जास्त कळतं.

पण त्या चाचणीलाही एक छत आहे. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत पुरे केले की २० पैकी २० गुण. पंधराशे मीटरला हिशेब लावला तर साधारण ४ मिनिटं ५० सेकंद. चांगल्या धावपटूच्या दृष्टीनं ही सुरुवात झाली. गावागावातल्या पोरांना हा 'पाच-दहा'चा आकडा पाठ असतो. त्यापुढं सराव करायचं कारण उरत नाही, म्हणून ती गोळ्याकडे वळतात. गेल्या हिवाळ्यात एका मुलाला मी माझ्या घड्याळावर धावायला लावलं. पाच-दहाच्या बऱ्याच आत तो थांबला, आणि नीट दमलाही नव्हता. वेळ सांगितली तर हसला. म्हणाला, "सर, एवढं कशाला? वीसच मिळतात."

भरतीच्या यादीत त्याच्या नावापुढं वीस लिहिले जातील, आणि पाच-नऊला पोचलेल्याच्या नावापुढंही वीसच.